नाताळ, सण आणि सवड

पोर्तुगिजांकडून मराठीत आलेल्या शब्दांची यादी करायला बसलं, तर ती बहुधा स्वयंपाकघरात सुरू होते आणि कचेरीत संपते. पाव, बटाटा, काजू, अननस. चावी, बिजागरी, घमेलं. लिलाव, पगार, तुरुंग. सगळे रोजच्या वापरातले, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले शब्द. मराठीभर रुजलेलं सणाचं नाव मात्र या यादीत एकच सापडतं, ते म्हणजे नाताळ. हिंदीनं पंचवीस डिसेंबरला ‘बडा दिन’ म्हटलं, बंगालीनं ‘बडोदिन’. मराठीनं आणि गुजरातीनं मात्र किनाऱ्यावर उतरलेलं नावच उचललं. वसईत पोर्तुगिजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांच्या फौजेनं किल्ला घेईपर्यंत होता. गोव्यात तो १९६१ पर्यंत टिकला. सत्ता गेली, सणाचं नाव राहिलं.

मूळ पोर्तुगीज शब्द ‘नाताल’. मराठीनं त्याच्यावर एकच संस्कार केला, शेवटच्या ‘ल’चा ‘ळ’ केला. कमलाचं कमळ, फलाचं फळ आणि कालाचा काळ करणाऱ्या भाषेला तो ‘ल’ परका वाटला असणार. ‘ळ’ लागला आणि शब्द घरचा झाला. आज ‘नाताळ’ हा शब्द परका आहे असं शाळकरी मुलाला सांगितलं, तर त्याला ते खरं वाटणार नाही.

पोर्तुगीज ‘नाताल’ आला लॅटिन ‘नातालिस’वरून. अर्थ, जन्माचा, जन्मासंबंधीचा. फ्रेंचांचा ‘नोएल’ आणि इटालियनांचा ‘नाताले’ याच शब्दाची रूपं. स्पॅनिश ‘नाविदाद’ही त्याच कुळातला. वास्को द गामाचा काफिला १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळून चालला होता, म्हणून त्या किनाऱ्याचं नाव नाताळ पडलं. गांधीजींनी १८९४ मध्ये स्थापन केलेली नाताळ इंडियन काँग्रेस ती तिथलीच. ब्राझीलमध्ये २५ डिसेंबर १५९९ रोजी वसलेल्या शहरालाही हेच नाव मिळालं. आणखी मागे गेलं, तर लॅटिनमधला जन्मवाचक धातू आणि संस्कृतातला ‘जन्’ एकाच मुळाचे निघतात. म्हणजे नाताळ आणि जन्म, जननी, जात, जनता हे सगळे लांबचे भाऊबंद. समुद्रमार्गे आलेला हा पाहुणा घरातल्या शब्दांशी आधीपासून नात्यातला होता.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी ‘जन्मदिवस’ या शब्दाचा एक निराळाच वापर केला. हुतात्म्यांचा ‘दिएस नातालिस’ म्हणजे त्यांचा मृत्युदिन, कारण त्या दिवशी ते स्वर्गात जन्मले असं मानलं जाई. आजही बहुतेक संतांचे सण त्यांच्या मृत्यूच्या तिथीलाच येतात. ऐहिक जन्म साजरा होतो तो येशूचा, मरीयेचा आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. पंचवीस डिसेंबर ही येशूजन्माची तारीख रोमच्या ज्या जुन्या पंचांगात मिळते, ते इसवी सन ३५४ मधलं आहे. त्या हिशेबानं हा सण सोळा शतकांहून जुना, आणि त्याच्या नावात जन्म सोडून दुसरं काहीच नाही. खरेदी नाही, सहल नाही, केकही नाही. घरात बाळ जन्मलं की धावपळ होतेच. पण कोणी त्या धावपळीचं बारसं करत नाही.

नेमकं हेच डिसेंबरात विसरायला होतं. म्हणून हा सण ज्या शब्दांनी बोलला जातो, त्यांच्याकडे एकदा नीट पाहावंसं वाटतं.

मिस्सा आणि मिशन

शहरी मराठीत आता नाताळाच्या जोडीला ख्रिसमसही बसला आहे. हा शब्द जुन्या इंग्रजीतला. ख्रिस्ताची मिस्सा, असा त्याचा साधा अर्थ. वसईचे मराठी कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेला मिस्सा म्हणतात, तोच हा शब्द. फक्त तो आपल्याकडे पोर्तुगीज वाटेनं आला. मिस्सा हे नाव पडलं उपासनेच्या शेवटच्या वाक्यावरून. लॅटिनमधून होणाऱ्या उपासनेच्या अखेरीस पुरोहित लोकांना निरोप देतो, ‘आता जा, तुम्हाला पाठवलं आहे’ अशा आशयाचा. त्या निरोपातला ‘मिस्सा’ म्हणजे पाठवणी. मिशन आणि मिशनरी हे शब्दही त्याच ‘पाठवणे’ अर्थाच्या धातूचे. ख्रिसमसमधल्या अर्ध्या शब्दाला आपण आपापल्या गावातल्या मिशनच्या दवाखान्यामुळे ओळखत होतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

दुसरा अर्धा शब्द, ख्रिस्त, ग्रीक आहे. अर्थ, अभिषिक्त, हिब्रूतल्या ‘मसीहा’चं ते भाषांतर. भेटकार्डांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर ‘एक्समस’ असा आटोपशीर शब्द दिसला की काही भाविक नाराज होतात. सणातून ख्रिस्तालाच खोडलं, असं त्यांना वाटतं. वस्तुस्थिती उलटी आहे. ते फुलीसारखं दिसणारं अक्षर म्हणजे ग्रीक ‘खी’, ख्रिस्ताच्या ग्रीक नावाचं आद्याक्षर. शतकानुशतकं हस्तलिखितं नकलणारे लेखक ते संक्षेप म्हणून वापरत आले. तेव्हा ख्रिस्त पाटीवरून गेलेला नाही. तो कुठून जातो आहे, ते पाहायला आपल्या वेळापत्रकाकडे वळावं लागतं.

सण म्हणजे काय

त्यासाठी आधी ‘सण’ या शब्दापाशी थांबायला हवं. रोजच्या बोलण्यातला हा दोन अक्षरी शब्द संस्कृत ‘क्षण’वरून आला आहे. क्षणचं प्राकृतात ‘छण’ झालं आणि छणचा मराठीत सण. आपल्याला क्षण म्हटलं की डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा वेळ आठवतो. संस्कृतात मात्र या शब्दाचा पसारा मोठा होता. अमरकोशात उत्सवाच्या पर्यायी शब्दांत क्षण आहे. पुढे अनेकार्थी शब्दांच्या विभागात अमरसिंहानं क्षणाचे तीन अर्थ दिले आहेत: काळाचं एक माप, उत्सव, आणि ‘निर्व्यापारस्थिती’. म्हणजे हातात काही काम नसण्याची अवस्था. रिकामपण. सवड.

हे तीन अर्थ एका शब्दात कसे नांदले असतील, याचा विचार केला की सणाची व्याख्याच हाती लागते. वाहत्या काळातला एक तुकडा वेगळा काढायचा, त्या तुकड्यापुरते व्यवहार थांबवायचे, आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत आनंद करायचा. श्राद्धासाठी ब्राह्मणाला आमंत्रण देण्याला ‘क्षण देणे’ म्हणत. त्यातही हाच अर्थ आहे, तुमचा वेळ आमच्यासाठी राखून ठेवा. हिब्रूतल्या ‘शब्बाथ’चा अर्थही थांबणे असाच आहे. मराठी ‘सुट्टी’ तर उघडच ‘सुटणे’पासून निघालेली. कामाच्या दोरीतून सुटलो, ती सुट्टी.

आता डिसेंबरातलं आपलं बोलणं ऐका. ‘सणामुळे क्षणाची फुरसत नाही.’ व्युत्पत्तीच्या दृष्टीनं हे वाक्य स्वतःलाच खोडून काढतं. क्षणामुळे क्षण उरला नाही, असा त्याचा अर्थ होतो. दिवाळीत हे वाक्य हिंदू घरात ऐकू येतं, रमझानच्या शेवटच्या आठवड्यात मुसलमान घरात आणि नाताळात ख्रिस्ती घरात. धर्म वेगळे, तक्रार एकच.

फेस्त आणि फेरी

ही तक्रार आजची आहे, मॉलनं आणि मोबाइलवरच्या खरेदीनं आणलेली आहे, असं समजायचं कारण नाही. शब्दांनी तिची नोंद फार पूर्वी करून ठेवली आहे. लॅटिनमध्ये ‘फेरिए’ म्हणजे देवाधर्माच्या सुट्टीचे दिवस. त्या दिवशी लोक देवळापाशी जमत. लोक जमले की विक्रेते जमत. होता होता पोर्तुगिजांच्या तोंडी ‘फेइरा’ या शब्दाचा अर्थ बाजार झाला. गोव्यात चर्चच्या संताचा वार्षिक सण म्हणजे ‘फेस्त’, आणि त्याच्या भोवती भरणारा चणे-फुटाण्यांचा, खाज्याचा, खेळण्यांचा, भांड्याकुंड्यांचा बाजार म्हणजे ‘फेरी’. फेस्त आणि फेरी हे दोन्ही शब्द मुळात एकाच कुळातले. एक आत राहिला, एक दाराबाहेर पाल टाकून बसला.

मराठीनंही हेच केलं आहे. ‘यात्रा’ म्हणजे देवाच्या वाटेनं जाणं. तिची ‘जत्रा’ झाली आणि त्यात पाळणे आले, मौत का कुआँ आला, गुडीशेव आली. रोमन असोत की मराठे, सणाच्या अंगणात बाजार भरवण्याची खोड सगळ्यांची सारखीच. ती वाईटही नाही. फेरीतलं खाजं घरी आल्याशिवाय फेस्त झाल्यासारखं वाटत नाही, हे कुणीही गोवेकर सांगेल. प्रश्न बाजार असावा की नसावा हा नाहीच. बाजारात फिरून आल्यावर आत जायला वेळ उरतो का, हा आहे.

गोव्यातला डिसेंबर पाहा. तीन तारखेला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, त्याआधी नऊ दिवसांची नोवेना. आठ तारखेला पणजीच्या चर्चचं फेस्त. मग घराघरात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, कलकल, दोस. बेबिंका थर थर लावत भाजायची, म्हणजे एका पदार्थापायी अर्धा दिवस. ‘दोस’ हा चणाडाळीचा गोड पदार्थ. पोर्तुगिजांत तो शब्द नुसता ‘गोड’ या अर्थाचा आहे. हे सारं ताटात घालून शेजारीपाजारी पोचवायचं. नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला आणि भेटीला पोर्तुगीज ‘कोन्सोआदा’ म्हणतात. गोव्यात तो शब्द या ताटाला चिकटला. त्याचं मूळ सांत्वन करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. महाराष्ट्रात ज्या घरी त्या वर्षी कुणी गेलेलं असतं, तिथं दिवाळीचा फराळ होत नाही; तो नातेवाईक आणि शेजारी नेऊन देतात. फराळाचं ताट ही समाचाराचीही एक रीत आहे, हे सांगायला आपल्याला लॅटिनची गरज नव्हती. पण लॅटिनलाही ते ठाऊक होतं, याचा आनंद वाटतो.

या ताटामागे राबणारे हात बहुतेक घरी बाईचे असतात. पहाटेची मिस्सा चुकते ती तिची. मध्यरात्रीच्या उपासनेत पेंगते ती तीच. सणाच्या धावपळीविषयी बोलताना हे वगळून चालणार नाही.

लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरीया या बहिणींच्या घरी येशू जेवायला येतो, तेव्हा मरीया त्याच्यापाशी ऐकत बसते आणि मार्था कामात गुंतलेली असते. तिच्या अवस्थेसाठी लूकनं जे ग्रीक क्रियापद वापरलं आहे, त्याचा शब्दशः अर्थ चहूबाजूंनी ओढली जाणे. मराठीत त्याला नेमका शब्द तयार आहे: ओढाताण. येशू तिला स्वयंपाक करू नकोस असं कुठंच म्हणत नाही. तो बोलतो ते तिच्या ओढाताणीविषयी. आणि एक गोष्ट त्या प्रसंगात लिहिलेली नसली तरी उघड आहे: मरीयेनं आधी दोन भांडी घासली असती, तर दोघींनाही बसायला वेळ मिळाला असता. घरातल्या पुरुषांना हा धडा जास्त लागू आहे.

येण्याआधीचा काळ

चर्चच्या पंचांगानं या धांदलीवर जुना उपाय करून ठेवला आहे. नाताळच्या आधी चार रविवारांचा एक काळ असतो. तो तीस नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो. मराठी ख्रिस्ती लोक त्याला ‘आगमनकाळ’ म्हणतात. लॅटिन ‘आदवेन्तुस’चं हे नितळ भाषांतर. आगमन म्हणजे येणं. मात्र हा काळ आलेल्याचा नाही, येणाऱ्याचा आहे. म्हणून वेदीवर जांभळा रंग असतो, गाण्यांचा सूर जरा खालचा असतो, आणि या काळात लग्नं टाळायची प्रथा होती. ती सारी नाताळनंतरच्या दिवसांत गर्दी करत.

बाजाराचं पंचांग नेमकं उलटं चालतं. तिथं एक डिसेंबरला सण सुरू होतो आणि पंचवीसला रात्री संपतो. सव्वीस तारखेला दुकानातले तारे अर्ध्या किमतीला मिळतात. चर्चच्या हिशेबात पंचवीसला सण सुरू होतो आणि बारा दिवस चालतो. एकानं वाट पाहण्याचे दिवस खाऊन टाकले, म्हणून दुसऱ्याला आनंदाच्या दिवसांत दमून झोपावं लागतं.

आगमनकाळ म्हणजे केवळ गंभीर चेहरा, असंही नाही. त्याच्या तिसऱ्या रविवारचं नावच ‘गौदेते’ आहे. लॅटिनमधलं हे आज्ञार्थी क्रियापद. अर्थ, ‘आनंद करा’. त्या दिवशी जांभळ्याच्या जागी गुलाबी रंग येतो. इंग्रजीतला आनंदवाचक ‘जॉय’ याच धातूपासून फ्रेंचमार्गे निघाला. वाट पाहण्याच्या मध्यावर एक दिवस आनंदासाठी मुद्दाम राखून ठेवावा, ही कल्पना मोठी शहाणपणाची आहे. काम संपल्यावर आनंद करू म्हणणाऱ्याचं काम कधी संपत नाही, हे ती रचना करणाऱ्यांना माहीत असावं.

या काळात हिरव्या पानांच्या कड्यात दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत लावतात. ही चाल हॅम्बुर्गमधली. योहान हिन्रिख विखर्न हे तिथं गरीब मुलांचं वसतिगृह चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी असं मुलं रोज विचारत, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या रोवून दिवस मोजायला दिले. उतावीळ मुलांना त्यांनी ‘गप्प बसा’ म्हटलं नाही, वाट पाहायला शिकवलं.

मेणबत्तीचा लॅटिन शब्द ‘कान्देला’. तो ग्रीकात गेला, तिथून अरबीत जाऊन ‘किन्दील’ झाला, आणि आपल्याकडे येऊन कंदील. दिवाळीत गॅलरीत आपण जो आकाशकंदील लावतो आणि वसईच्या घरावर डिसेंबरात जो तारा टांगतात, त्यांच्या आतल्या उजेडाचं नाव असं एकच आहे. ‘कान्देला’ ज्या धातूचा, त्याचा अर्थ चकाकणे, आणि त्याचा संस्कृतातला सगोत्र शब्द म्हणजे चंद्र. कंदील चंद्राचा चुलतभाऊ निघावा, ही कविकल्पना नाही, भाषाशास्त्र आहे.

जागा नव्हती, ती कुठं

नाताळच्या गोष्टीत सगळ्यांना पाठ असलेलं एक वाक्य आहे. मरीया आणि योसेफ यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही, म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं. शाळेतल्या नाटकात या वाक्यासाठी एक दुष्ट खानावळवाला उभा करतात आणि तो दार आपटतो. लूकच्या मजकुरात असा माणूसच नाही.

तिथला ग्रीक शब्द ‘कतालुमा’. त्याच्या मुळाशी ‘सोडणे’ हे क्रियापद आहे. प्रवासी थांबला, जनावरांचं जू सोडलं, ओझं उतरवलं, ती जागा कतालुमा. मराठी भाषांतरकारांनी ‘उतारशाळा’ शब्द योजला तो फार अचूक आहे. आपणही गावाला आलेल्याला ‘कुठं उतरलात?’ असंच विचारतो. गंमत अशी, की हाच लूक पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही हाच शब्द वापरतो. तिथं तो घरातली पाहुण्यांची खोली या अर्थानं येतो. शोमरोनी माणसाच्या दाखल्यात मात्र पैसे देऊन राहायची धर्मशाळा आहे, तर तिथं लूक वेगळाच शब्द घालतो. त्यामुळे बेथलेहेमात जागा नव्हती ती सरायीत नव्हे, तर घरातल्या पाहुण्यांच्या खोलीत, असं अनेक अभ्यासक मानतात. नावनिशीसाठी माणसं गावी आली होती. घर भरलं होतं. त्या काळी जनावरं बहुधा घराच्याच खालच्या भागात बांधत, आणि तिथं गव्हाण असे.

हा अर्थ धरला तर गोष्टीतला खलनायक नाहीसा होतो आणि गोष्ट आपल्या जास्त जवळ येते. दार कुणी लावलं नव्हतं. वाईट कुणी नव्हतं. घर फक्त भरलेलं होतं, आपलं डिसेंबरात असतं तसं. आणि तरीही जागा निघाली. जिथं कुणाला सुचली नसती अशा ठिकाणी, पण निघाली.

‘गव्हाण’ हा शब्द संस्कृतातल्या ‘गवादनी’चा. गाईगुरांनी खायची जागा. इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसनं १२२३ च्या नाताळात खरी गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव उभं करून ही गोष्ट लोकांना दाखवली. त्या परंपरेतून घरोघरचा आणि चर्चच्या अंगणातला गोठा आला. आपल्याकडे मुलं सात-आठ दिवस आधीपासून त्यासाठी गवत, माती आणि जुने खोके गोळा करतात. ‘गोठा’ म्हणजे संस्कृत ‘गोष्ठ’, गाई उभ्या राहण्याची जागा. तिथं संध्याकाळी गुराखी जमत, बोलत बसत, म्हणून ‘गोष्ठी’ म्हणजे बैठक, संभाषण. आणि तिच्यापासून आपली ‘गोष्ट’. गोठा आणि गोष्ट हे एकाच घरचे शब्द आहेत. येशूजन्माची बातमी आधी मेंढपाळांना मिळाली, असं लूक सांगतो. मराठी शब्दांच्या हिशेबानं ती योग्य ठिकाणी पोचली.

मराठीनं केलेली जागा

या श्रद्धेला मराठीनं स्वतःतही जागा करून दिली आहे, आणि तीही कुरकुर न करता. इंग्लंडमधून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओवीत रचली आणि तिला ‘ख्रिस्तपुराण’ म्हटलं. ती १६१६ मध्ये रायतूरला छापली गेली, आणि तीही रोमन लिपीत. त्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द त्यांनी निःसंकोच वापरला. तीन शतकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्या महाकाव्याला ‘ख्रिस्तायन’ नाव दिलं. ‘अयन’ म्हणजे जाणं, मार्ग. रामायणातलंच ते अयन. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा काव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, त्याच ‘स्मृतिचित्रे’च्या लक्ष्मीबाई. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक अनेक वर्षं चालवलं, ‘सुबोध बायबल’ लिहिलं, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. एकानं पुराण घेतलं, दुसऱ्यानं अयन घेतलं, तिसऱ्यानं सुबोध मराठी घेतली. घर भरलेलं असतानाही जागा निघते, याचा हा भाषेतला पुरावा.

‘सुवार्ता’ म्हणजे चांगली बातमी. ग्रीक ‘एवान्गेलियोन’चं हे भाषांतर. जुन्या मराठी बायबलात त्यालाच ‘शुभवर्तमान’ म्हटलं आहे. मेंढपाळांना मिळालेली बातमी मोठ्या आनंदाची होती. इथं मराठीतल्या तीन शब्दांत फरक करायला हवा. ‘मजा’ फारसीतून आली. तिचा मूळ अर्थ चव. ‘मौज’ अरबीतून आली. तिचा अर्थ लाट. चव जिभेवर असते तोवर असते आणि लाट येते तशी ओसरते. दोन्ही हव्यात, डिसेंबरात तर हव्याच. पण बातमीतला आनंद निराळा असतो. बातमी ऐकावी लागते, आणि ऐकायला थांबावं लागतं. ‘उत्सव’ या शब्दाची फोडही संस्कृत टीकाकार ‘हर्षाला जन्म देतो तो’ अशी करतात. प्रसव शब्दातला ‘सू’ धातूच त्यात आहे. म्हणजे नाताळच्या नावात जन्म आहे आणि उत्सवाच्या पोटातही जन्मच आहे. जन्माला वेळ लागतो. तो उरकता येत नाही.

वेळात वेळ

मराठीत ‘वेळ काढणे’ या प्रयोगाला दोन तोंडं आहेत. वेळकाढूपणा करणारा वेळ काढतो, आणि जिवाभावाच्या माणसाकडे जाणाराही ‘वेळात वेळ काढून’ जातो. पहिला वेळ वाया घालवतो, दुसरा तो घडवतो. हा दुसरा प्रयोग मला सणाच्या जुन्या अर्थाचा सर्वांत जवळचा वाटतो. भरलेल्या वेळातूनच वेळ काढायचा असतो. रिकामा वेळ आयता कुणाला मिळत नाही. बेथलेहेमच्या त्या घरालाही मिळाला नव्हता.

म्हणून यंदा नाताळ साजरा करणाऱ्या घरांनी थोडी यादी कापावी. पाच पदार्थांऐवजी तीन करावेत आणि तेही सगळ्यांनी मिळून करावेत. आगमनकाळातल्या चार रविवारांपैकी निदान एका संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून घरातल्या सर्वांत लहान मुलाला गोठ्यासमोर बसवावं आणि त्याच्याकडून गोष्ट ऐकावी. त्यानं उंट आणि मेंढ्या यांची गल्लत केली तरी चालेल. एखादा फेरा दुकानाचा कमी करून तो ज्याच्या घरी यंदा दुःख झालं आहे त्याच्याकडे करावा. सव्वीस डिसेंबरला तारा उतरवू नये. सण तेव्हा नुकता सुरू झालेला असतो. आणि ज्यांच्याकडे नाताळ नसतो पण शेजारून फराळाचं ताट येतं, त्यांनी ते दारातूनच घेऊन ‘थँक्यू’ म्हणत दार लावू नये. ताट आणणाऱ्याला आत बोलवावं, खुर्ची द्यावी, पाणी द्यावं आणि चार शब्द बोलावेत. त्याला आपल्या भाषेत क्षण देणं म्हणतात.